आप्पांच्या घरी ठेवलेले प्रस्थान

मे महिन्यातल्या अमावस्येला, शुक्रवारी, सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना आमच्या कुटुंबाचे चार पासपोर्ट परंड्यातल्या एका घरात होते. त्या घराला बाहेरून कुलूप होते आणि घर आमचे नव्हते. सिंगापूरचे विमान त्याच दिवशी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून सुटणार होते. पुण्याची एसटी साडेसहाला होती.

पासपोर्ट कोणी चोरून नेले नव्हते. बुधवारी मी स्वतः, आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून, ते तिथे नेऊन ठेवले होते.

(या प्रकाराबद्दल आमच्या गल्लीत निरनिराळ्या हकिगती सांगितल्या जातात. त्यातल्या दोहोंत मी रडलो असे आहे. मी रडलो नव्हतो. पुढे दिले आहे ते घडले त्या क्रमाने.)

सिंगापूरच्या थीम पार्कची सहल याआधी दोनदा ठरून दोनदा मोडली होती. पहिल्या वर्षी माझ्या वडिलांचे, अण्णांचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. दुसऱ्या वर्षी निवडणूक लागली आणि मी वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर असल्याने मला सुट्टी मिळाली नाही. माझी मुलगी ईशा तेव्हा नऊ वर्षांची होती. ती रडली नाही. हातातले चित्र रंगवता रंगवता म्हणाली, "पप्पा, परत ठरवलं तर मला सांगू नका. शाळेत सगळ्यांना सांगून ठेवते मी, आणि मग लई वाईट दिसतं."

त्यानंतर वर्षभर घरात सिंगापूर हा शब्द कोणी काढला नाही. जानेवारीत मी पुन्हा सहल ठरवली आणि त्याच दिवशी तिला सांगून टाकले. म्हणजे आता मोडायची सोय राहिली नाही.

स्वस्तात परदेश कसा करायचा याचा मी तीन महिने अभ्यास केला. पार्कात एकच दिवस जायचे. बाकीचे तीन दिवस प्रवेश फुकट असलेल्या जागा पाहायच्या. अशा अकरा जागांची यादी झाली. हॉटेल शहरापासून इतके लांब निवडले की ते मोबाइलच्या नकाशात आणायला बोट दोनदा सरकवावे लागे. सकाळचा नाश्ता हॉटेलात, दुपारी धपाटे, संध्याकाळी उरलेले धपाटे. विमानाच्या तिकिटात बदल नाही, परतावा नाही, जेवण नाही, जादा बॅग नाही.

"बसायला जागा हाय का?" अण्णांनी विचारले.

मी नियम पुन्हा वाचून पाहिले. जागा होती.

पुण्यापर्यंत एसटीने जायचे ठरले. अण्णा परंड्याच्या स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्यामुळे त्यांना प्रवास फुकट. माझी पत्नी वैशाली हिला महिला म्हणून अर्धे तिकीट, ईशाला वयामुळे अर्धे. पूर्ण तिकीट काढणारा घरात मी एकटा.

सबंध सुट्टीत विमान आम्हाला परवडेल असा दिवस एकच सापडला. मी तिकिटे काढली, छापून आणली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा लावला, तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि चौकटींवरून बोट फिरवले.

"शुक्रवारी अमावस्या हाय."

"अण्णा, सिंगापूरला कुठली आलीय अमावस्या?"

"चंद्र येगळा हाय का त्यांचा?"

मी तिकिटावरची किंमत दाखवली.

"म्हणूनच सस्त दिलं त्येनी," अण्णा म्हणाले. "तारीख बदल."

"बदलत नाही. पैसे बुडतात."

"सगळे?"

"सगळे. आणि परत काढायला आपल्याकडं नाहीत."

अण्णांनी तिकिटांची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "मग प्रस्थान ठिवावं लागंल."

निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी, मुहूर्त पाहून, प्रवासात लागणारी एखादी वस्तू जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास त्याच क्षणी सुरू झाला असे धरले जाते. मग प्रत्यक्ष निघण्याचा दिवस कसाही असला तरी चालतो. ठेवलेली वस्तू घरी परत आणायची नसते. निघताना वाटेत उचलायची. कायद्याच्या अंगाने पाहिले तर व्यवस्था निर्दोष आहे.

दिशेवरून अर्धा तास गेला. पुणे आमच्या पश्चिमेला, सिंगापूर पूर्वेला. मी नकाशा दाखवला. अण्णांनी तो पाहिला नाही.

"गाडीची पाटी बगायची आसती. आपल्या गाडीची पाटी पुणे. म्हंजी मावळत. फुडचं फुडं."

आमच्या घरापासून मावळतीला तिसरे घर आप्पांचे. आप्पा गल्लीतले जुने किराणा दुकानदार. आता दुकान बंद आहे, मुलगा बार्शीत असतो, घरात आप्पा आणि काकू दोघेच. अत्यंत विश्वासाची माणसे. दर अमावस्येला दोघेही भल्या पहाटे सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला जातात. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होते.

राहिला वस्तूचा प्रश्न. प्रस्थानात सहसा तांदूळ, सुपारी किंवा एखादे कापड ठेवतात.

"टॉवेल ठेवा एक," वैशाली म्हणाली.

"वस्तू अशी पायजे की तिच्याबिगर परवास न्हाय," अण्णा म्हणाले.

"टॉवेलशिवाय प्रवास होतो," मी म्हणालो. इथे थांबता आले असते. "ज्याच्याशिवाय होत नाही अशी वस्तू एकच आहे. पासपोर्ट."

वैशालीने भाजी निवडायची थांबवली. "अहो, कागदपत्रं कुणी ठेवतं का दुसऱ्याच्या घरी?"

"करायचं तर नियमाप्रमाणं करायचं."

माझा या प्रकारावर विश्वास नव्हता. विश्वास नसलेली गोष्ट माणूस जरा जास्तच काटेकोरपणे करतो.

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चार पासपोर्ट, तिकिटांचे कागद आणि अण्णांची एक सुपारी असे एका हिरव्या कापडी पिशवीत घालून मी आप्पांकडे गेलो. (ही पिशवी दिवाळीत गावातल्या कापड दुकानाने गिऱ्हाइकांना वाटली होती. गल्लीत प्रत्येक घरात एक तरी आहे.) काकूंनी पिशवीला, मग आतल्या पासपोर्टांनाही हळदकुंकू लावले. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"शुक्रवारी सकाळी लवकर येतो न्यायला," मी म्हणालो.

"कवाबी या," आप्पा म्हणाले. "घर तुमचंच हाय."

शुक्रवारी आम्ही चौघे सगळे सामान घेऊन त्या घरासमोर उभे होतो.

मी आप्पांना फोन लावला. फोन लागला. घंटी आमच्या कानातही वाजली आणि कुलूपबंद घरातही वाजली.

"देवाला जाताना आप्पा फोन न्हेत न्हाईत," अण्णा म्हणाले. "चांगली सवय हाय."

समोरच्या घरातून दत्ता बाहेर आला. दत्ता गाड्यांचा मेकॅनिक. त्याने कुलूप हातात घेऊन पाहिले. "दोन मिनटाचं काम हाय. तोडू का?"

"आप्पाच्या माघारी?" अण्णा म्हणाले. "अमावस्येला? कुलूप तोडून न्हेलेल्या प्रस्थानावर परवास व्हईल व्हय?"

तेवढ्यात वैशालीला खिडकी दिसली. गजांची खिडकी, पण दार उघडे. आत पलंगाच्या कडेला हिरवी पिशवी होती. आम्हा चौघांनाही ती दिसली. खिडकीतून हात पोचेल त्यापेक्षा अंतर हात-दीड हात जास्त.

दत्ताने घरातून कपडे वाळत घालायची काठी आणली. माझा दंड गजातून जाईना. दत्ताचा तर मनगटाशीच अडकला. शेवटी ईशाने काठी घेतली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि जीभ दातांत धरून पिशवीचा बंद काठीच्या टोकाला अडकवला.

"सावकाश," मी म्हणालो.

"बोलू नका, पप्पा."

पिशवी पलंगावरून चार बोटे उचलली गेली. गल्लीत या वेळेपर्यंत नऊ माणसे जमली होती. मग काठी वाकली. पिशवी पलंगाच्या मागे पडली आणि सळसळ आवाज झाला. कागद पडल्याचा आवाज असा येत नाही, हे कुणाच्याही ध्यानात आले नाही.

"कौलं काढा दोन," मागून कोणीतरी सुचवले. घराला स्लॅब होता.

ईशाने हात बाहेर काढला. दंडावर गजांचे दोन वळ उठले होते. ती बॅगेवर जाऊन बसली आणि बुटाची आधीच बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

सहा वाजून बारा मिनिटे झाली होती.

"अण्णा," मी म्हणालो, "स्टँडवर तुमचं ऐकतात. मी सोनारीला जाऊन किल्ली आणतो. गाडी थांबवा थोडी."

"एकदा आमदाराचा साडू आला हुता. त्याच्यासाठी थांबिवली न्हाय."

"ही तुमची नात आहे."

अण्णांनी ईशाकडे पाहिले. तिच्या शेजारची बॅग उचलली. "तिला बसिवतो गाडीत," ते म्हणाले. "टायमात."

असे ठरले की तिघांनी सामान घेऊन साडेसहाच्या गाडीने पुढे जायचे आणि मी पासपोर्ट घेऊन मागून यायचे. दत्ताकडे एक जीप होती. तिचे इंजिन अंगणात पोत्यावर मांडलेले होते.

"तुमी किल्ली घिऊन येस्तवर जोडतो," दत्ता म्हणाला आणि मला त्याची मोटारसायकल दिली.

अशा रीतीने साडेसहाला तीन माणसे पासपोर्टाशिवाय पुण्याकडे आणि एक माणूस सामानाशिवाय सोनारीकडे निघाला. गाडी अचूक वेळेवर सुटल्याचे अण्णांनी मला फोन करून कळवले.

सोनारीत अमावस्येची गर्दी होती. देवळाच्या भिंतीवर माकडे रांगेने बसली होती आणि पायऱ्यांवर काकू, नारळ मांडीखाली दाबून.

"अगंबाई, तुमी हितं?" काकू म्हणाल्या. "इमान कवा हाय?"

"चारला. काकू, घराची किल्ली द्या."

"किल्ली आप्पांच्या कडदोऱ्याला."

"आणि आप्पा?"

"अभिषेकाला बसलेत. तवर मौन आसतंय त्यांचं. उठवायचं न्हाय बरं का."

मी आत गेलो. आप्पा पाटावर बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हाताने बसायची खूण केली. मी हाताने किल्ली फिरवल्याची खूण केली. आप्पांनी मान डोलावली आणि माझ्या हातात बेलाची पाने दिली. मी विमानाची खूण केली. आप्पांनी प्रसन्नपणे वर बोट दाखवले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी अभिषेक करू लागलो.

सव्वासातला वैशालीचा फोन आला. मी बाहेर आलो.

"करमाळा आलं. पासपोर्ट मिळाले?"

"नाही अजून."

"आप्पा भेटले?"

"भेटले. शेजारीच बसलोय त्यांच्या."

"मग मागा की किल्ली."

"मौन आहे त्यांचं."



"अहो," वैशाली म्हणाली, "मौन त्यांचं आहे. तुमचं नाही."

मागून अण्णांचा आवाज आला. "अभिषेकातनं उठवू नगं म्हणावं त्याला."

आठला दहा मिनिटे असताना आरती झाली. आप्पांनी तोंड उघडले. "गेला न्हाय व्हय अजून? आमी पहाटं चारपत्तुर जागे बसलो तुमच्यासाठी. तुमी म्हणला लवकर. म्हटलं, रद्द केलं जनू."

मी खुलासा करायच्या भानगडीत पडलो नाही. आप्पांनी धोतर सैल करून कडदोऱ्यातून पितळी किल्ली सोडवली. "आमी दिवसभर हितंच हाव. सांजच्याला येऊ. किल्ली जाताना दत्ताकडं ठिवा."

"पलंगामागं पडलीय पिशवी," मी काकूंना म्हणालो. "काढून घेतो मी."

"पलंगावरची?" काकू म्हणाल्या. "ती दळणाची हो. ज्वारी हाय तिच्यात. तुमची देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठिवलीया. प्रस्थान कुणी पलंगावर ठिवतं का?"

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी मी आप्पांचे कुलूप उघडले. काकूंचे म्हणणे बरोबर होते. ज्वारी पलंगाखालून उंबऱ्यापर्यंत आली होती. मी तिच्यावरून दोनदा घसरलो, देव्हाऱ्याखालून पिशवी काढली, पासपोर्ट मोजले, चार होते, पुन्हा मोजले, चारच होते. झाडू कुठे असतो ते मला माहीत नव्हते. मी शोधलाही नाही. कुलूप लावले, ओढून पाहिले आणि पळालो.

दत्ताच्या जीपचे इंजिन जागेवर बसले होते. दोन बोल्ट उरले होते.

"हे कुठले?" मी विचारले.

"तेच बगतोय," दत्ता म्हणाला आणि त्याने ते खिशात टाकले. "चला. साठच्या वर न्यायची न्हाय, येवढंच."

नऊ वाजता आम्ही निघालो. साठच्या वर गेलो नाही. साठच्या खाली मात्र पुष्कळदा आलो. भिगवणला पाणी भरण्यासाठी थांबावे लागले. इंदापूरकडून येणारे उसाचे सगळे ट्रॅक्टर गळीत संपले तरी त्या दिवशी रस्त्यावर होते, असे मला वाटले; दत्ताच्या मते दोनच होते. दत्ता पूर्णवेळ माझ्या उजव्या हाताला बसून गाडी चालवत होता. आम्ही बऱ्याच विषयांवर बोललो.

एसटी वेळेवर पोचली. साडेबाराला तिघे विमानतळाच्या दारात होते. दारातल्या जवानाने पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत सोडता येणार नाही असे सांगितले. अण्णांना हे पटले. त्यांनी जवानाला ड्यूटी किती तासांची असते ते विचारले आणि शेजारच्या कठड्यावर बसून धपाट्यांचे फडके सोडले.

एक वाजून पन्नास मिनिटांनी वैशालीचा फोन.

"कुठं आलात?"

"हडपसर."

"हडपसरमध्ये कुठं?"

"हडपसरमध्येच. मघापासून."

"काउंटर तीन वाजून पाच मिनिटांनी बंद होतं."

"माहिती आहे."

"ईशानं काही खाल्लं नाही. पोट भरलंय म्हणते."

"दे तिच्याकडं."

थोडा वेळ गेला. "नको म्हणतेय," वैशाली म्हणाली. "म्हणते, आल्यावर बोलू."

मी दत्ताला साठच्या वर न्यायला सांगितले. समोर एक टेम्पो, एक टँकर आणि सिग्नल होता. दत्ताने मला ते हाताने दाखवले.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी जीप विमानतळाच्या दारात उभी राहिली. मी उतरलो तेव्हा दार माझ्या हातात आले. दत्ता म्हणाला, "राहू द्या, ते माझं मी बगतो, तुमी पळा." मी पळालो. वैशालीने दोन बॅगा उचलल्या, ईशाने एक. अण्णांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत हात घातला.

"अण्णा, पासपोर्ट आहेत. चारही आहेत."

"सुपारी हाय का बगतो."

सुपारी होती.

काउंटरवरच्या मुलीने घड्याळाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि पहिला पासपोर्ट उघडला. त्यातून हळदकुंकू तिच्या कीबोर्डवर पडले. तिने फुंकर मारली. वैशालीने डोळे मिटले होते. ईशा काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून छपाईच्या यंत्राकडे एकटक पाहत होती. यंत्रातून एकामागून एक चार बोर्डिंग पास आले. ईशाने स्वतःचा ओढून घेतला, नाव वाचले आणि मला विचारले, "पप्पा, धपाटा राहिलाय का एखादा?" सकाळपासून तिने माझ्याशी बोललेले हे दुसरे वाक्य.

पुढे सुरक्षा तपासणी होती. मी खिसे रिकामे केले. ट्रेमध्ये घड्याळ, पट्टा, सुटे पैसे, मोबाइल आणि एक पितळी किल्ली पडली.

"ही कसली?" वैशालीने विचारले.

"घराची."

तिने किल्ली उचलून पाहिली. "कुणाच्या?"

तपासणी संपल्यावर मी दत्ताला फोन केला. तो गाडीच्या दारात गुंतलेला असावा, उचलला नाही. मग आप्पांना केला. फोन लागला. पूर्ण वाजला. तो कुठे वाजत होता हे मला माहीत होते.

"पप्पा, रांग पुढं गेली," ईशा म्हणाली आणि माझा हात धरून चालू लागली.

विमान चार वाजून अकरा मिनिटांनी उडाले. ईशा खिडकीशी होती. अण्णांनी शेजारच्या प्रवाशाला विमान सहा मिनिटे लेट असल्याचे सांगितले.

आप्पा आणि काकू साडेसहाच्या सुमाराला सोनारीहून घरी पोचले, असे शेजाऱ्यांकडून नंतर कळले. त्या वेळी विमान बंगालच्या उपसागरावर होते आणि किल्ली माझ्या खिशात होती.